इंदूने राखलेले दिवे

मी एक जुनी श्वास मोजणारी मशीन आहे. मित्रांनो, माझे खरे नाव लांबलचक आणि परके आहे. ते मला स्वतःलाच नीट उच्चारता येत नाही, म्हणून सांगत नाही. पांढुर्ण्याला मला सगळे 'फुकायची मशीन' म्हणतात, तेच बरे आहे. एकेकाळी पांढरी असलेली आणि आता पिवळट पडलेली एक पेटी, तिच्यावर वहीच्या पानाएवढा पडदा, बाजूने निघालेली जाड नळी आणि नळीच्या टोकाला प्रत्येक माणसामागे बदलायचे पुठ्ठ्याचे तोंड, एवढाच माझा संसार. माणूस छाती भरून श्वास घेतो, त्या पुठ्ठ्याला ओठ लावतो आणि आतला सगळा श्वास माझ्यात सोडतो. तो किती होता आणि कसा आला, हे मी आकड्यात सांगते.

माझी गोष्ट तुम्हाला सांगण्याएवढी मोठी आहे का, याची मला शंका वाटते. पण माझ्यातून जे गेले ते मोठे होते, एवढे नक्की.

माझ्या वाट्याला आलेला पहिला श्वास माणसाचा नव्हता. कारखान्यात एका भल्यामोठ्या पिचकारीने मोजून घेतलेली हवा माझ्या नळीत ढकलली आणि आकडा बरोबर येतो का, ते पाहिले. आजही रोज सकाळी कामाला लागण्याआधी मला ती पिचकारी लागते. तुम्ही शाळेत जाण्याआधी तोंड धुता ना, तसे ते माझे तोंड धुणे.

मग मी नागपूरच्या एका इस्पितळात आले. तेथे पहिल्यांदा माणसाने माझ्यात फुंकले तेव्हा मी चकित झाले. पिचकारीची हवा सरळ, कोरडी, सगळीकडून सारखी. माणसाचा श्वास मात्र उबदार, ओलसर, थोडा थरथरणारा. सनई वाजवणारे एक आजोबा आले होते, त्यांचा श्वास संपता संपेना. एक पैलवान आला होता, त्याचा पहिला झोत असा आला की माझा पडदा लुकलुकला. लहानशा एका मुलीने हसू आवरेना म्हणून तुकड्यातुकड्यांनी फुंकले. डॉक्टर शिकाऊ मुलांना सांगत, छातीत हवेचे इतके बारीक फुगे असतात की त्यांचे पापुद्रे सोडवून पसरले तर एखादे मोठे खळे झाकून जाईल. एवढे मोठे खळे छातीच्या पिंजऱ्यात घडी घालून ठेवलेले, आणि माणसाला त्याची जाणीवही नाही! मी कितीतरी वर्षे ते ऐकले, पण माझे आश्चर्य काही कमी झाले नाही.

तेथे माझे कौतुक होत असे. "हिचा आकडा चुकत नाही," असे म्हणत. मग माझ्याहून देखणी, नवी मशीन आली. पाठोपाठ ती मोठी साथ आली आणि कोणी कोणासमोर फुंकायचे नाही असे ठरले. मला कापडाखाली झाकून एका खोलीत ठेवले. माझ्या नळीत कोळ्याने जाळे विणले. बाहेर माणसे श्वासासाठी तळमळत होती आणि श्वास मोजणारी मी अंधारात होते. त्या दिवसांबद्दल मला फार बोलवत नाही.

मला बाहेर काढले ते डॉ. सुचिता यांनी. त्या त्याच इस्पितळात शिकलेल्या. पांढुर्ण्याला त्यांनी छातीच्या आजारांचा दवाखाना काढला आणि ही जुनी मशीन मला द्या, अशी मागणी केली. दवाखान्यात तपासण्या करणाऱ्या प्रफुल्लने माझी नळी बदलली, धूळ पुसली आणि पिचकारीने मला पुन्हा श्वास दिला.

पांढुर्ण्याला माझे दिवस चांगले जाऊ लागले. जिनिंगमधले कामगार येत, त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू असत. संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या बाया येत. प्रफुल्ल सगळ्यांना मोठ्याने हुरूप देई. "फुका, फुका, फुका! थांबू नका जी! थोडंसं हाय, अजून थोडंसं हाय!" रस्त्याने जाणारे लोक खिडकीशी थबकत. एकदा एक ट्रक ड्रायव्हर दम खात म्हणाला, "अबे, मशीन फुकून राहिलो का टायर?"

माझ्या पडद्यावर लहान मुलांसाठी एक चित्र होते. पेटलेल्या दिव्यांची एक रांग. मूल जसजसे फुंकेल तसतसे ते दिवे एकामागून एक विझत आणि शेवटचा विझला की श्वास पुरा झाला असे समजायचे. मुले खूश होत. प्रफुल्लला वाटले, मोठ्यांनाही गंमत वाटेल. तो ते चित्र सगळ्यांना दाखवू लागला.

आता ज्या आजारामुळे ही गोष्ट घडली तो सांगते. आपल्या शरीरात राखणदार असतात. बाहेरून आलेल्या रोगजंतूंना ते हुसकून लावतात. पण काही माणसांत, का कोण जाणे, हे राखणदार घरच्याच माणसांना ओळखेनासे होतात आणि त्यांच्यावरच धावून जातात. आधी बोटांचे सांधे सुजतात. पुढे कधी कधी फुप्फुसांवर पाळी येते. संत्र्याची मऊ साल उन्हात वाळली की कशी ताठ होते? तसे फुप्फुस खालून वर ताठ होऊ लागते. श्वास आत मावत नाही. हे किती लवकर वाढेल, हे डॉक्टरांना आधी ओळखायचे असते, म्हणजे औषध किती जोरात द्यायचे ते ठरवता येते. त्यासाठी ते छातीचा फोटो पाहतात, वय पाहतात आणि माझा आकडा मागतात. आजच्या एका फुंकरीतून उद्याचा अंदाज! माझ्यासारख्या पेटीवर माणसे एवढा भरवसा ठेवतात, याने मी नेहमीच दबून जाते.

एकदा सौसरला शिबिर होते. मला जीपमधून तेथे नेले आणि एका मंगल कार्यालयात टेबलावर मांडले. ही गर्दी, पंख्यांची घरघर, लेकरांची रडारड. दुपारी इंदूबाई आली. सौसरजवळच्या एका गावात तिचा आणि तुळशीरामचा संत्र्याचा बगीचा. तिची बोटे कित्येक वर्षांपासून सुजलेली होती आणि आता पाण्याची कळशी उचलली तरी धाप लागत होती.

"काकू, छाती भरून दम घ्या," प्रफुल्ल म्हणाला, "मंग ह्या पुठ्ठ्याले ओठ लावा अन् एका दमात समदे दिवे इझवून टाका."

"समदे?" इंदूने विचारले.

"हो जी, समदे. एकही ठेवायचा नाई."

इंदूने मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहिले आणि फुंकले. दिवे विझत गेले आणि शेवटी दोन राहिले. प्रफुल्लने पुन्हा फुंकायला लावले. पुन्हा दोन राहिले. तिसऱ्यांदाही तेच.

"झालं काकू. तीनही बार सारखं आलं. पक्का आकडा हाय," प्रफुल्ल म्हणाला. आमच्या कामात तसाच नियम आहे. तीन फुंकरी एकसारख्या आल्या की आकडा खरा मानायचा. प्रफुल्लची नजर पडद्यावर होती, मागे माणसांची रांग होती. आकडा फार कमी होता. तो लिहून घेतला गेला आणि छातीच्या फोटोबरोबर नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेला.

थंडी सरली. बगीच्यांत संत्र्याला आंबिया बहाराची फुले आली. एके दिवशी तुळशीराम, इंदू आणि त्यांची मुलगी सोनाली पांढुर्ण्याच्या दवाखान्यात आली. प्रफुल्ल इंदूला वजन करायला बाहेर घेऊन गेला. आत माझ्यासमोर डॉक्टरबाई, तुळशीराम आणि सोनाली राहिली.

"नागपूरच्या डॉक्टरनं कॉम्प्युटरवर हिसाब लावला मॅडम," तुळशीराम सांगू लागला. "वय टाकलं, बाई हाय थे टाकलं, मशीनचा आकडा टाकला. म्हणे कठीण गटात हाय."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणे, फोटोत एवढं खराब दिसून नाई राहिलं. पांढुर्ण्याले अजून एक बार फुकून घ्या. पन कायले मॅडम? तिले उगाच तरास. आमी समजलो काय समजाचं थे."

"काय समजलात काका?"

तुळशीरामने दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "पुढचा बहार नाई पाहत थे."

"असं म्हणाले डॉक्टर?"

"थे लोकं म्हणत नसतेत जी. आपन समजून घ्या लागते." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "रविवारी तिगावचे पाहुने येऊन राहिले. सोनालीचं पक्कं करून टाकतो अन् महिन्याभरात लगनाचा बार उडवून देतो. नितीन नाव हाय पोराचं, चांगला हाय. मायच्या डोयासमोर झालं म्हंजे झालं."

"सोनालीचं कॉलेज?"

"थे सोडून देईन. हो म्हणते थे."

सोनाली पांढुर्ण्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. पुस्तकांची पिशवी छातीशी धरून ती भिंतीला टेकून उभी होती. ती कोणाकडे न पाहता म्हणाली, "मायसाठी म्हणते."

बाहेरून इंदूचा आवाज आला. "चपला काढून मोज ना भाऊ, नाई तं मॅडम म्हणतीन, बाई मस्त खाऊन राहिली!"

मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्याच पेटीची भीती वाटली. एक आकडा माझ्यातून निघाला होता, सौसरहून नागपूरला जाऊन परत आला होता आणि आता एका मुलीच्या हातातून पुस्तके काढून घेणार होता. आकडा खोटा नव्हता. जेवढा श्वास माझ्यापर्यंत आला तेवढाच मी मोजला होता. पण छातीत मागे राहिलेला श्वास मला कुठून दिसणार?

डॉक्टरबाईंनी इंदूला आत बोलावले. या वेळी त्यांनी स्टूल ओढले आणि त्या पडद्याकडे नव्हे, इंदूच्या तोंडाकडे पाहत बसल्या. इंदूने फुंकले. दोन दिवे राहिले.

"पाहा मॅडम, सेम टू सेम," प्रफुल्ल म्हणाला.

डॉक्टरबाईंनी मग माझ्या पडद्यावरची रेघ पाहिली. दम संपत येतो तेव्हा ती रेघ हळूहळू उतरत जाते, जशी वाट उतारावरून नदीकडे जाते. इंदूची रेघ मध्येच कापल्यासारखी सरळ खाली आली होती.

"काकू, दम संपला का तुम्ही थांबवला?"

"संपला," इंदू म्हणाली आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. सुजलेल्या बोटाला ते नीट गुंडाळता येईना.

"काकू…"

"मॅडम, तुमी शिकेल लोकं, हासान." तिने पदराचे टोक सोडले. "सांजच्याले दिवा लावतो आपन. त्याले कधी तोंडानं फुकते का कोनी? माह्या मायनं लहानपणीच सांगतलं होतं, दिव्याले फुकू नाई, शांत कराचा असन तं फुलानं कराचा. अन् हा भाऊ म्हणते, समदे इझवा. पहिले पहिले इझले, थे माह्या हातात नोतं. पन शेवटचे दोन मी राखले."

"दोनच का?"

"एक यांईचा," तिने तुळशीरामकडे हनुवटी वळवली, "अन् एक पोरीचा. मी अशी बिमार बाई. बिमार बाईनं आपल्याच तोंडानं घरचे दिवे इझवाचे का?"

प्रफुल्ल काकुळतीने म्हणाला, "काकू वो, थे खरे दिवे थोडीच हायेत! पिक्चर हाय थे."

"टीव्हीत कोनी मेलं तं तुह्या मायच्या डोयाले पानी येते का नाई?"

"येते जी."

"मंग? थे तरी खरं असते का?"

माझ्या आत काहीतरी हलले असावे. इतकी वर्षे मी श्वास मोजले. माणसे दमली म्हणून थांबलेली पाहिली, घाबरली म्हणून थांबलेली पाहिली, कंटाळून थांबलेलीही पाहिली. पण कोणी दुसऱ्यासाठी आपला श्वास छातीत धरून ठेवल्याचे मी कधी पाहिले नव्हते. ज्या पोरीचा दिवा तिने राखला होता, तिचेच शिक्षण त्या राखण्याने सुटू पाहत होते, आणि हे त्या माउलीला ठाऊक नव्हते.

डॉक्टरबाईंनी उठून माझा पडदा भिंतीकडे वळवला. "आता दिवे नाहीत काकू. कोणाचेच नाहीत. फक्त फुंका."

इंदूने फुंकले, पण आता तिला किती जोर लावायचा ते समजेना. श्वास विखुरला, खोकला आला. दुसऱ्यांदाही तसेच झाले. "राहू द्या मॅडम, नाई होत मायच्यानं," सोनाली म्हणाली.

तेवढ्यात दाराशी उभा असलेला तुळशीराम एकदम ओरडला, "अवं, माकडं आले समज! बगीच्याच्या धुऱ्यावर! पुरा कळप हाय!"

इंदूची पाठ ताठ झाली. बगीच्यात माकडे उतरली की गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक ती देत असे म्हणे. तिने श्वास घेतला. खांदे वर गेले, बरगड्या उघडल्या, सुजलेल्या बोटांनी गुडघे गच्च धरले. आणि तिने फुंकले.

त्या श्वासाचे वर्णन मला जमेल असे वाटत नाही. आधी झोत आला, वाऱ्याने दार उघडावे तसा. मग तो लांबत गेला, बारीक होत गेला आणि तरी येत राहिला. शेवटी शेवटी त्यात एक खरखर होती. छातीचा तळ ताठ झाला होता, तेथून तो ओढून आणावा लागत होता. प्रफुल्ल या वेळी ओरडला नाही. तो फक्त कुजबुजत होता, "अजून हाय… अजून हाय…" आणि खरेच अजून होता. बाईने घरासाठी जे मागे ठेवले होते ते सगळे माझ्यातून गेले. थोडा विसावा देऊन डॉक्टरबाईंनी आणखी दोनदा फुंकून घेतले. तीनही आकडे जवळजवळ सारखे आले.

पडदा पुन्हा वळवला तेव्हा डॉक्टरबाई बराच वेळ पाहत राहिल्या. आकडा पहिल्यापेक्षा खूप वर होता. पण निरोगी बाईच्या आकड्यापेक्षा खाली होता.

"काका, मी खरं तेच सांगते," त्या म्हणाल्या. "आजार आहे. जो भाग ताठ झालाय तो पुन्हा मऊ होईल असं मी म्हणणार नाही. पण हा कठीण गट नाही. औषध आजच सुरू करू. पुष्कळ जणांत ते आजाराला धरून ठेवतं."

"मंग पुढचा बहार पाहीन का थे?"

"अशा शंभर बायांचं काय होईल, ते मी साधारण सांगू शकते. या एका बाईचं नाही सांगू शकत. नागपूरचे डॉक्टरही नाही."

तुळशीरामने डोके खाजवले. "आमच्या व्यापाऱ्यावानी हाय म्हणा. थे बहार पाहून पुऱ्या बगीच्याचा अंदाज सांगतेत. मंग कधी फळाची गळ होते, कधी गारा पडतेत. कधी अंदाजापेक्षा जास्त बी उतरते."

"मग ते काय करतात?"

"काय करतीन? घडीघडी पाहाले येतेत."

"आपणही तेच करायचं. दर काही महिन्यांनी काकूंना घेऊन या. एका फुंकरीपेक्षा चार फुंकरी जास्त सांगतात."

इंदू आळीपाळीने दोघांकडे पाहत होती. "कोनता बहार? कोन पाहत नाई?"

तुळशीराम टोपीची घडी घालू लागला. आणि मग तिला सगळे कळले. "म्हंजे मी मरून राहिली म्हून पोरीचं लगन करून राहिले तुमी? अन् मले सांगतलं का पोरगा चांगला हाय!"

"पोरगा चांगलाच हाय ना पन," तुळशीराम पडेल आवाजात म्हणाला.

प्रफुल्लने हसू लपवायला तोंडावर रुमाल धरला. इंदू सोनालीकडे वळली. "तुले कराचं हाय का लगन?"

"मले पहिले परीक्षा द्याची हाय माय. पुरं कॉलेज कराचं हाय."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू जाऊन राहिली म्हणत होते समदे." एवढे बोलून सोनाली रडू लागली.

इंदूने तिचा हात आपल्या वाकड्या बोटांत घेतला. तिला दम लागला होता. तो सावरून ती म्हणाली, "आपन दोघी बी येड्याच."

तुळशीराम फोन घेऊन व्हरांड्यात गेला. फोनवर तो नेहमीच ओरडून बोलत असे, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आले. "हो जी… हो… या ना रविवारी, जरूर या. चहा प्याले या. पन बोलनी नाई… नाई जी, नाराजी कायची? पोरगी शिकून राहिली माही."

मित्रांनो, या गोष्टीला आता बरेच महिने झाले. इंदू ठरल्याप्रमाणे येत असते, सोबत कधी तुळशीराम, कधी सोनाली. प्रफुल्लने मोठ्या माणसांसाठी ते दिव्यांचे चित्र बंद केले आहे आणि मुलांनाही तो आधी विचारतो. एकदा इंदूचा आकडा होता तेवढाच आला. एकदा थोडा घसरला. डॉक्टरबाईंनी औषध बदलले. इंदूने विचारले, "कमी झाला का?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "थोडा." ती म्हणाली, "बरं. मंग पुन्हा येतो." तुळशीरामने त्यावरून पुढचा काहीही हिशेब केला नाही. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी सोनाली पेढे घेऊन आली, एक पेढा प्रफुल्लने गमतीने माझ्या पेटीवर ठेवला आणि मुंग्या लागल्या म्हणून डॉक्टरबाई त्याला रागावल्या.

माझी तुमच्याकडे फार मागणी नाही. तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी मशीन असेल तर तिला झाकून विसरू नका. तिची नळी स्वच्छ ठेवा, रोज सकाळी तिला पिचकारीची हवा द्या. आणि तिचा आकडा वाचण्याआधी तिच्यासमोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहा, त्याला दोन शब्द विचारा. आम्ही जे येते तेवढेच मोजतो. माणसाने काय मागे ठेवले आणि कोणासाठी, हे विचारायचे काम आम्हाला येत नाही. ते तुमचे आहे.

आज पुन्हा इंदूची पाळी आहे. प्रफुल्लने नवा पुठ्ठा लावला आहे. ती स्टुलावर बसली, पदर सावरला, आता छाती भरून श्वास घेते आहे. माझ्या आकड्यांवरून लोक पुढचे अंदाज बांधतात, पण हा श्वास केवढा असेल, हे मला स्वतःला आधी कधीच कळत नाही. मी गप्प राहून त्याची वाट पाहते.